सोलापुरातून विजयदुर्ग: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विजयदुर्गला जायची सुरुवात बसस्टँडवरून करू नका, भुईकोट किल्ल्यातून करा. आपल्याच, सिद्धेश्वर तलावाच्या काठच्या. एखाद्या संध्याकाळी तासभर काढा आणि आतल्या तटाखाली उभं राहून एवढं लक्षात घ्या, की मराठ्यांच्या आरमाराचा एक सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, इथे कैदी म्हणून होता. तुळाजी आंग्रे. आयुष्य खाऱ्या वाऱ्यात काढलेला माणूस, आणि ठेवला कुठे तर सोलापुरात, जिथून समुद्र गाठायला आजही पक्क्या रस्त्याने अख्खा दिवस जातो. पेशव्यांनी त्याला या किल्ल्यातून त्या किल्ल्यात हलवत ठेवलं, सोडलं मात्र कधीच नाही. त्याचं घर म्हणजे विजयदुर्ग. आपल्याकडची बहुतेक मंडळी कोकण म्हटलं की गणपतीपुळे करतात, फार तर मालवण, आणि परत येतात. विजयदुर्ग रस्त्याच्या टोकाला आहे. पुढे गाव नाही, पाणीच आहे. तिथे मुद्दाम जावं लागतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत हापूस असतो, पण घामही असतो. "आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता" असं म्हणून मी पहिल्यांदा मे महिन्यातच गेलो होतो. आपलं ऊन कोरडं. बेचाळीसमध्येही सावलीत बसलं की घाम वाळतो. तिथे पस्तिशीतच सदरा अंगाला चिकटतो आणि रात्रीही सुटत नाही. दुपारी बारा ते चार तिथली माणसं स्वतः घराबाहेर पडत नाहीत, हे बघून तरी शहाणं व्हायला हवं होतं.

पावसाळ्यात घाट आणि सडे, म्हणजे कातळाची पठारं, हिरवेगार होतात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ताटात ताजी मासळी फारशी येत नाही आणि किल्ल्यावरचा चिरा शेवाळाने साबणासारखा होतो. गणपतीच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा अख्खी मुंबई कोकणात उतरलेली असते.

तारीख ठरवताना कॅलेंडरवरची तिथीही बघा, ती भरती-ओहोटीसाठी लागते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ निघते. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. पहाटेही आणि दुपारीही. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला भांग. हा हिशोब पुढे गोदी बघताना कामाला येईल.

काय न्यायचं

कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेणारच, माहीत आहे. चटणी टिकते. भाकरी मात्र डब्यातून काढून ताटलीत ठेवली की दुसऱ्या सकाळी सादळून चामड्यासारखी होते, मोडायला गेलं तर वाकते. हवाबंद डब्यात ठेवा, लागेल तेवढीच काढा. सोलापुरी टर्किश टॉवेल घरीच राहू द्या, तो तिथे तीन दिवस वाळत नाही. पातळ पंचा घ्या. पायात मागे पट्टा असलेले सँडल, स्लिपर नको. टोपी, विजेरी आणि रोख पैसे. क्यूआर कोड टपरीवरही असतो, पण रेंज गेली की तो नुसता कागद.

वाट

गाडीने साधारण पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर जेवण-चहा धरून दुपारी दोन-तीनपर्यंत पोचता.

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा महामार्ग आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात पोटभर नाष्टा करून गगनबावड्याचा रस्ता धरा, अंतर पंचावन्न किलोमीटर. सोलापूरच्या माणसाने डोळे उघडे ठेवायचे ते इथे. उसाचं शिवार संपतं, भात सुरू होतो, घरांची धाबी जाऊन कौलं येतात. गगनबावड्यातून खाली उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. करूळ घाट सरळ वैभववाडीत उतरतो. पण दरडी आणि दुरुस्तीची कामं यामुळे कधी हा बंद असतो, कधी तो. कोल्हापूर सोडायच्या आधी चौकशी करा. मोबाईलवरचा नकाशा बंद घाटावरूनही बिनदिक्कत रस्ता दाखवतो. आमचं तसंच झालं. गगनबावड्यापर्यंत जाऊन कळलं, मग दुसऱ्या घाटाने धुक्यात उतरलो, वळणावळणावर हॉर्न देत.

वैभववाडीनंतर तळेरे. तिथे मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून विजयदुर्गच्या रस्त्याला लागायचं. महामार्ग सोडण्याआधीच डिझेल-पेट्रोल भरून घ्या. पुढचे पन्नासेक किलोमीटर अरुंद आहेत आणि समोरून एसटी आली की कोणी तरी एकाने मागे जायचं असतं. सहसा आपणच. वाटेत पडेल कॅन्टीन नावाचा तिठा लागतो. गावाच्या नावात कॅन्टीन कसं, म्हणून हसू नका, गाड्यांच्या पाट्यांवरही तेच असतं. इथून एक वाट देवगडला जाते, एक विजयदुर्गला.

एसटीने जायचं तर सोलापूर-कोल्हापूर गाडी पकडा आणि कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकात विजयदुर्गच्या गाडीची वेळ विचारा. थेट गाडी हुकली तर तळेऱ्यापर्यंत या, तिथून पुढे बदला. विजयदुर्गला एसटीचं स्वतःचं आगार आहे, त्यामुळे गाव एवढंसं असूनही गाड्या येतात. मात्र संध्याकाळनंतर खोळंबा ठरलेला. रेल्वेचा विचार करू नका. कोल्हापुरातून कोकणात रूळ उतरत नाहीत, आणि मुंबईकडून फिरून कोकण रेल्वेने वैभववाडी किंवा राजापूर गाठायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

राहणं, खाणं, बोलणं

गावात आणि शेजारच्या गिर्ये गावात घरगुती सोयी आहेत. दोन गोष्टी आधी फोनवर सांगा: किती माणसं आणि शाकाहारी किती. खानावळीत सकाळी सांगाल तेवढंच दुपारी शिजतं. अचानक जाऊन "काय आहे?" विचारलंत तर "आता काय नाय" हेच उत्तर येईल, आणि त्यात उर्मटपणा नसतो, खरंच नसतं. बांगडा स्वस्त आणि बहुतेक वेळा ताजा. सुरमई-पापलेटच्या मागे लागण्यापेक्षा "आज काय गावलंय?" हे विचारा. भात उकडा असतो, लालसर, जाड दाण्याचा. पहिल्या घासाला वेगळा लागतो. तिखट कमी वाटलं तर पिशवीतली शेंगाचटणी काढा, पण घरच्या बाईसमोर नको. आमच्या वहिनींनी काढली होती. दुसऱ्या दिवशी त्या मावशींनी कालवणात इतकी मिरची घातली की वहिनीच पाणी मागत सुटल्या.

"खयसून इलास?" म्हणजे कुठून आलात. "सोलापूर" म्हटलं की पुढचा विषय चादर. बोलणं हळू आणि तिरकस असतं, आपल्यासारखं मोठ्या आवाजात नाही. वडीलधाऱ्याला काका, बाईला मावशी किंवा काकी म्हटलं की काम होतं. आपलं "काय बे" मात्र गाडीतच ठेवा.

किल्ला बघताना

सकाळी साडेसात-आठला जा, अडीच-तीन तास हाताशी ठेवा, पाणी बरोबर घ्या. एसटी स्टँडवरून चालत काही मिनिटांवर आहे. सुमारे १७ एकरांचा किल्ला, तिन्ही बाजूंनी पाणी, जमिनीच्या बाजूला पूर्वी खंदक होता. बाराव्या शतकाच्या शेवटी शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला असं मानतात. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीत गेला, त्यांच्याकडून शिवाजी महाराजांनी घेतला आणि विजयदुर्ग हे नाव दिलं. त्याआधीचं नाव घेरिया, शेजारच्या गिर्ये गावावरून. इंग्रजांच्या कागदांत शेवटपर्यंत घेरियाच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा एक.

आत शिरताना घाई करू नका. वाट तटाला घासून वळत जाते आणि मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रू इथवर आला तरी वरून दगड, खालून भिंत. तटावर चढलात की एकात एक तीन तट नीट उमगतात. भुईकोटाची दुहेरी तटबंदी पाहून आला असाल तर तुलना आपोआप होते. आपल्या किल्ल्याला खंदकाचं पाणी आणून सोडावं लागलं, इथे समुद्रच राखणीला. खूबलढा बुरूज बघा. मग समुद्राकडच्या तटाच्या बाहेरच्या अंगावर तोफगोळ्यांचे खळगे शोधा. मुलं बरोबर असतील तर मोजायला लावा, तेवढा वेळ शांत जातो. तटाचे काही भाग ढासळलेत, कडेला जाऊन फोटो काढू नका.

आता इतिहासातला खरा गाभा. कान्होजी आंग्र्यांच्या वेळी हा किल्ला कोणालाच मिळाला नाही. इंग्रज १७१७ मध्ये आले आणि हात हलवत गेले. १७२० मध्ये पुन्हा आले, या वेळी 'फ्राम' नावाचा तोफा लादलेला तरंगता तराफा बांधून घेऊन. तोही वाया गेला. १७२४ मध्ये डच आले, तेही गेले. पाण्याखाली बांधलेल्या भिंतीवर आपटून शत्रूची जहाजं फुटायची असं गावात सांगतात. ती नुसती दंतकथा नाही. किल्ल्यापासून थोडं आत समुद्रात सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत संशोधकांना आढळलेली आहे. वरून मात्र काहीच दिसत नाही, दाखवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग १७५६. तुळाजी कोणालाच जुमानत नव्हता, पेशव्यांनाही नाही. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारीत इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं, क्लाइव्ह जमिनीवर उतरला. हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला होता. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला तो परत आलाच नाही. खाडीत आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून उभी होती, त्यांत पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं 'रिस्टोरेशन' होतं. तोफेचा एक पेटता गोळा नेमका त्यावर पडला, आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर आग जात सगळं आरमार जळालं. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. लुटीतला वाटा इंग्रजांनी पेशव्यांना दिला नाहीच, किल्लाही लगेच सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाणकोट पदरात पाडून घेतलं तेव्हा विजयदुर्ग परत केला.

पेशव्यांनी आपलंच आरमार जाळून घेतलं म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतील. तुळाजीने पेशव्यांची गलबतंही सोडली नव्हती हे ते सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर चूक दोघांचीही, पण महाग कोणाला पडली ते भुईकोटात उभं राहिल्यावर कळतं. मराठ्यांचं आरमार तिथेच संपलं असंही समजू नका. नंतर आनंदराव धुळप इथे आरमाराचे सुभेदार झाले आणि एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. १८१८ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

साहेबाचे ओटे

किल्ल्यात दगडी ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. इथे तुम्हाला हमखास सांगतील: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला. दर वर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो.

ऐकून घ्या, वाद घालू नका, पण बरोबरच्या मुलांना खरं सांगा. ते ग्रहण भारतातून दिसलं आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट घेता येतो हे त्यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच दाखवलं, आणि त्या वर्णपटात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेचा माग घेत नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये.

मग लॉकियर विजयदुर्गला आलेच नाहीत का? आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. सोबत 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी. त्या दर्यावर्दी गड्यांना दुर्बिणी आणि वर्णपटमापक हाताळायला शिकवून त्यांनी किल्ल्यात अख्खी वेधशाळा उभी केली. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची.

आणि ही सावली विजयदुर्गवरून ईशान्येला सरकत गेली ती आपल्या जिल्ह्यात. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला! पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, दोघांनीही त्याच ग्रहणासाठी जेऊरला तळ ठोकला होता. पुण्याच्या गाडीत बसून जेऊर स्टेशन मी किती वेळा पाहिलं असेल, पण हे कळलं ते विजयदुर्गहून आल्यावर, वाचताना. तिथे एक पाटी लावायला हवी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गोदी आणि रामेश्वर

दुपारी झोप काढा. चारनंतर गिर्येच्या बाजूला, किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, आंग्र्यांची गोदी आहे. खडक कोरून केलेली, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. जहाजं बांधायची आणि दुरुस्त करायची जागा. पाटी बघून सापडत नाही, गावात "गोदी खय?" विचारा. तिथीचा हिशोब इथे कामाला येतो: ओहोटीला जा. भरतीला नुसतं पाणी दिसतं आणि "एवढ्यासाठी आलो का" असं घरचे म्हणतात. पाणी सुकलं की कातळाच्या कडा उघड्या पडतात आणि भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की खालून काम करायचं, हे न सांगता समजतं. चिखलात मात्र उतरू नका. मी उतरलो, एक सँडल अजून तिथेच आहे.

या वाघोटन खाडीतून गलबतं आत खारेपाटणपर्यंत जात. तिथून माल बैलांवर लादून घाट चढायचा आणि देशावर यायचा. म्हणजे करूळ-भुईबावड्याच्या ज्या वळणांवर आपण हॉर्न वाजवत उतरलो, त्याच डोंगरातून आपल्या भागाला समुद्राकडचा माल येत होता.

गिर्येचं रामेश्वर मंदिर संध्याकाळी करा. खडक कापून केलेल्या वाटेने खाली उतरायचं, पावलांचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटतो, आणि मग एकदम कौलारू मंदिर समोर येतं. सभामंडपाचं लाकूडकाम निवांत बघा. जवळच संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. तुळाजीच्या आधीचा सरखेल तो. ती बघायला फारसं कोणी थांबत नाही, तुम्ही थांबा.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर जेटीवर जाऊन होडीवाल्याला विचारा, समुद्र शांत असेल तर किल्ल्याला पाण्यातून फेरी मारून आणतात. भाडं आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या. पाण्यातून बघितल्याशिवाय डचांना काय वाटलं असेल ते कळत नाही.

परतताना

घाट उजेडात चढा, म्हणजे विजयदुर्ग सकाळी नऊच्या आत सोडा. आंबा घ्यायचा तर बागायतदाराकडून, आणि पेटीच्या वरच्या थराखालचे दोन-चार आंबे काढून बघून. पिकायला आलेली पेटी डिकीत ठेवू नका, सांगोल्याच्या उन्हात डिकीची भट्टी होते. मागच्या सीटखाली ठेवा. सुकी मासळी, म्हणजे सुकट-बोंबील, घ्यायचीच असेल तर शेवटच्या सकाळी आणि तीन पिशव्यांत बांधून. आम्ही एकाच पिशवीत आणली होती, काचा बंद आणि एसी चालू. मिरजेत थांबून पिशवी टपावर बांधली, तरी आषाढीपर्यंत गाडीला वास येत होता, आणि पंढरपूरला निघालेल्या आमच्या काकूंनी त्या गाडीत बसायला साफ नकार दिला.